आयत्या वेळचा विषय

१५ जानेवारी २०२६ रोजी सकाळी मतदान करून मी घरी परतलो आणि ओटीवर बसून बोटावरील काळ्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहिलो. आमच्या वसई-विरार महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली होती. त्यानंतर साडेपाच वर्षे सारा कारभार प्रशासकांच्या हाती होता. सहीशिक्क्यांची कामे होत राहिली, कचरागाड्या फिरत राहिल्या, कराची बिले वेळच्या वेळी येत राहिली. पण ज्याच्या ओटीवर भल्या सकाळी जाऊन बसावे आणि ‘बाबा रे, आमचे एवढे तिथे सांग’ असे हक्काने म्हणावे, असा माणूस कायद्याने उरला नव्हता. घरातली जुनी विळी हरवली म्हणजे ती किती उपयोगाची होती ते कळते, तसे नगरसेवकाच्या बाबतीत आमचे झाले. तो असताना आम्ही त्याच्यावर टीका करीत होतो. तो नाहीसा झाला तेव्हा त्याचे नेमके काम काय होते, याचा विचार करू लागलो.

हा विचार करता करता माझे मन मागे गेले ते १९९० च्या दशकाच्या अखेरच्या वर्षांकडे. तेव्हा येथे महापालिका नव्हती. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपरिषदा होत्या. त्यांपैकी एकीच्या सर्वसाधारण सभेस मी प्रेक्षक म्हणून एक दुपारभर बसलो होतो. कोणती नगरपरिषद, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण या हकीकतीत जो दोष आहे तो नगरपरिषदेचा नाही, माझा आहे.

आमची आळी नगरपरिषदेच्या हद्दीत मोडत असे, परंतु तिचे रूप खेड्याचेच होते. रस्त्याच्या एका अंगास घरे, घरांमागे वाडी, वाडीत केळी, पानवेली आणि सोनचाफा, आणि वाडीच्या सखल कोपऱ्यात बावखल. आजच्या मुलांनी बावखले फारशी पाहिलेली नाहीत, म्हणून दोन शब्द सांगतो. बावखल म्हणजे आमच्या पूर्वजांनी हाताने खणलेले गोड्या पाण्याचे तळे. खणून निघालेल्या मातीने वाडीची जमीन उंच करीत, घराचे जोते भरीत. आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठे. काठावर रहाट असे. रहाटाला रेडा जुंपला की तळ्याचे पाणी पाटावाटे वाफ्यावाफ्यांत फिरे. त्या पाण्यात मासे असत, काठावर आम्ही मुले गळ घेऊन बसत असू. विहिरींना उन्हाळ्यात पाणी राही तेही या तळ्यांच्या पुण्याईने. कारण समुद्र इतका जवळ असूनही जमिनीखालचा खारेपणा हे गोडे पाणी थोपवून धरी.

बावखलाचा आणखी एक उपयोग होता, तो मात्र बावखल गेल्यावरच आमच्या ध्यानी आला. वसईची भूमी कशी आहे पाहा. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावर कोसळलेला पाऊस पश्चिमेकडे उतरतो आणि शेते, मिठागरे, खाड्या यांतून समुद्राला मिळतो. पण त्याच वेळी भरती असली तर समुद्र ते पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंतचे ते काही तास पाण्याने थांबावे कोठे? शेतांत, पाणथळ जागांत आणि घरोघरीच्या बावखलांत ते थांबत असे. आमच्या पूर्वजांनी हा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण तो जमिनीवर खणून ठेवला होता.

पुढे विजेचे पंप आले आणि रहाट मोडीत निघाले. लोकलगाड्यांबरोबर वस्ती वाढली, जमिनीला कधी नव्हता एवढा भाव आला. १९९० मध्ये वसई-विरार परिसरासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. सभांना, मोर्चांना मीही जात होतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षक. फलक रंगवण्याचे, पत्रके लिहिण्याचे काम आपसूक माझ्याकडे येई. ‘वसई हिरवी राहिली पाहिजे’ हे वाक्य मी किती फलकांवर रंगवले असेल, त्याची गणती नाही.

आणि त्याच दशकात मी व माझ्या थोरल्या भावाने मिळून आमच्या वाट्याचे बावखल बुजवले. तळे दोन घरांत सामाईक होते. निम्मे आमचे, निम्मे शेजाऱ्यांचे. दादाचे मुलगे मोठे झाले होते, त्यांना वेगळे घर हवे होते. रहाट बंद पडून वर्षे लोटली होती. पाण्यावर शेवाळ धरले होते, डास होत होते. बुजवण्यासाठी कारणे शोधावी लागली नाहीत. एका उन्हाळ्यात ट्रकांमागून ट्रक मुरूम आला आणि जिथे मी गळ टाकून बसत असे तिथे सपाट जमीन झाली. मला तेव्हा खंत वाटली नाही असे नाही. पण ‘एवढ्याशा तळ्याने काय होणार’ असे म्हणून मी ती बाजूला सारली. मोर्चातल्या माझ्या घोषणा बाहेरून येणाऱ्या बिल्डरांसाठी होत्या. घरच्या मुरुमाला त्या लागू आहेत, हे मनात आले तरी मी जिभेवर येऊ दिले नाही.

आळीच्या टोकाला, सर्वांत सखल जागी, एक आजी राहत. पती निवर्तलेले, मुलगा मुंबईला कारखान्यात पाळीवर, सून आणि दोन नातवंडे घरी. बावखल बुजवल्याच्या पहिल्याच जुलैत त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. दुसऱ्या वर्षी पुन्हा शिरले. वर्षाचे तांदूळ त्यांनी माळ्यावर चढवले, कोंबड्या वाहून गेल्या, आणि दोन रात्री ती चार माणसे शेजारच्या घरी ओटीवर निजली. आळीतील इतर घरांच्या अंगणांतही पाणी येत असे. पण घरात येई ते आजींच्याच.

त्या वेळी आमच्या प्रभागाच्या नगरसेविका होत्या आमच्याच आळीतील एक वहिनी. महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली आणि आमचा प्रभाग महिलांकडे गेला, म्हणून त्या उभ्या राहिल्या. नाहीतर सभागृहाशी त्यांचा काय संबंध? पहाटेच्या लोकलने फुलांचे हारे घेऊन दादरच्या बाजारात जाणे आणि दहाच्या आत घरी परतून चुलीपाशी लागणे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. शिक्षण सातवीपर्यंत. निवडून आल्यावरही आठवड्यातून चार दिवस त्या दादरला जातच राहिल्या. नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही, असे त्या हसून सांगत.

दुसऱ्या पुरानंतर एका संध्याकाळी वहिनींनी आजींच्या ओटीवर आळीतल्या बायकांना जमवले आणि मलाही बोलावणे धाडले. म्हणाल्या, “मास्तर, सोमवारी सभा आहे. मला बोलायचे आहे, पण तिथे सगळे लिहिलेले मागतात. तुम्ही अर्ज लिहून द्या.” मी वही उघडली. एकेक बाई सांगू लागली. गटार तुंबते, मोरीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, पाणी ओसरल्यावर मुलांना ताप येतो. मी भराभर टिपून घेत होतो. शेवटी आजींची पाळी आली. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. माझ्याकडे न पाहता त्या एवढेच म्हणाल्या, “आधी पाणी बावखलात जात होते. आता माझ्या घरात येते. एवढे लिही.”

माझी लेखणी थांबली. कोणीच काही बोलले नाही. आळीत प्रत्येकाला ठाऊक होते की बावखल कोणी बुजवले. मी मान हलवली आणि वही मिटली.

रात्री बसून मी दोन पानी अर्ज लिहिला. अर्ज चांगला झाला होता, हे आजही कबूल केले पाहिजे. ‘जलनिःसारणाच्या दुर्व्यवस्थेमुळे नागरिकांस सोसाव्या लागणाऱ्या हालअपेष्टा’ अशी त्याची सुरुवात होती. गटारे होती, मोरी होती, रोगराई होती, ‘सदर बाबतीत त्वरित उपाययोजना व्हावी’ अशी विनंती होती. फक्त आजींचे वाक्य नव्हते. ते मी विसरलो नव्हतो. तीन वेळा लिहायला घेतले आणि तिन्ही वेळा मला वाटले की अर्जाच्या भाषेत ते बसत नाही. आपल्या सोयीची गोष्ट करताना माणसाला व्याकरणाचाही आधार सापडतो.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. वहिनींनी आग्रह केला म्हणून मी सभेला गेलो. नगरपरिषदेची सभा सामान्य माणसाला बसून ऐकता येते, हे मला तोवर माहीत नव्हते. पहिल्या मजल्यावर लांबट सभागृह, घोड्याच्या नालेसारखी मांडलेली टेबले, भिंतीवर राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी, वर कुरकुरणारे पंखे आणि पाठीमागे आमच्यासाठी दोन बाके. नगराध्यक्ष आले, त्यांच्या शेजारी मुख्याधिकारी बसले, सभालिपिकाने जाडजूड वही उघडली आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले. मग विषयपत्रिकेवरील विषय सुरू झाले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. काही ठराव लेखणी शाईत बुडवून काढावी इतक्या वेळात मंजूर होत होते, तर एका रस्त्याच्या नावावरून पाऊण तास वाद झाला.

मी शिक्षक असल्यामुळे माझे लक्ष विषयांपेक्षा बोलणाऱ्यांकडे अधिक गेले. एक तरुण नगरसेवक आपल्या भागातील दिव्यांविषयी बोलले. आवाज खणखणीत, हातवारे जोरदार. बोलता बोलता त्यांची नजर वार्ताहरांच्या बाकाकडे वळत होती. “लोक अंधारात चाचपडत आहेत,” ते म्हणाले. मुख्याधिकाऱ्यांनी उत्तर दिले, “नोंद घेतली आहे.” त्यानंतर एक वृद्ध सदस्य उठले. त्यांच्या हातात शाळकरी मुलांची असते तशी शंभरपानी वही होती. त्यांनी खांबांचे क्रमांक वाचले, प्रत्येक दिवा कोणत्या तारखेपासून बंद आहे ते सांगितले आणि त्यांपैकी दोन खांब स्मशानाच्या वाटेवर असल्याचे नमूद केले. आवाज चढला नाही. पण या वेळी अभियंत्यांना उठावे लागले आणि किती दिवसांत दिवे लागतील ते सांगावे लागले. वृद्ध सदस्यांनी ते उत्तरही वहीत टिपून घेतले आणि ते बसले. मला उमगले की पुढच्या सभेत ती वही पुन्हा उघडेल. गाऱ्हाणे आणि प्रश्न यांतील अंतर मी त्या दिवशी पाहिले. गाऱ्हाण्याची नोंद होते. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

आमचा विषय पत्रिकेवर नव्हता. पत्रिका आधीच निघून गेली होती. त्यामुळे तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां’त घ्यायचा होता. ज्यांनी कधी कोणत्याही संस्थेची सभा पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की त्या वेळेपर्यंत चहा येऊन गेलेला असतो, निम्मे सभासद उठून गेलेले असतात आणि राहिलेल्यांचे डोळे घड्याळाकडे असतात. गरिबांचे बरेचसे विषय आयत्या वेळचेच असतात, कारण संकट पत्रिकेची तारीख पाहून येत नाही. तीन तास वहिनी मांडीवर माझा अर्ज घेऊन ताठ बसल्या होत्या. पहाटे त्या दादरला जाऊन आल्या होत्या, हे तेथे मला एकट्यालाच ठाऊक होते.

अखेर त्यांचे नाव पुकारले गेले. त्या उठल्या आणि वाचू लागल्या. ‘जलनिःसारण’ या शब्दाशी अडखळल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडखळल्या. कोणीतरी हसले. माझे कान तापले. मग वहिनींनी अर्ज टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, मी तोंडानेच सांगते.”

त्यांनी सांगितले ते बाजारात हिशेब सांगावा तसे. आळीत चौदा घरे. पाणी सगळ्यांच्या अंगणात येते, पण घरात येते एकाच्या. दोन वर्षे, दोन्ही वेळा जुलैत, दोन्ही वेळा भरतीच्या वेळी. घरात गुडघ्याएवढे पाणी, आणि ते उतरायला पहिल्या वर्षी एक रात्र लागली, दुसऱ्या वर्षी दोन. त्या घरात एक म्हातारी, एक सून, दोन मुले. वर्षाचा तांदूळ माळ्यावर. एवढे सांगून त्या थांबल्या. सभागृहात बोलणे बंद झाले होते.

अभियंता उठले. ते सौजन्याने बोलत होते. म्हणाले, “ताई, तिथली मोरी पावसाआधी साफ केली आहे, मी स्वतः पाहिली आहे. मग दोनच वर्षांपासून पाणी का येते? आधी का येत नव्हते?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर माझ्या वहीत लिहिलेले होते आणि माझ्या अर्जात नव्हते. वहिनींनी एकदा, एकदाच, मागे वळून आमच्या बाकाकडे पाहिले. मी खाली पाहिले. पायांतील चपलांचे अंगठे त्या दिवशी मी जितके न्याहाळले तितके कधी न्याहाळले नसतील.

“आळीत बावखल होते,” वहिनी म्हणाल्या. “त्यातले निम्मे दोन वर्षांपूर्वी बुजवले. पाणी तिथे थांबत होते.”

“कोणी बुजवले?” समोरच्या बाजूने कोणी विचारले.

“आळीतल्याच माणसांनी. मी नाव घेणार नाही, ती माझी माणसे आहेत.”

सभागृहात हशा पिकला. नगराध्यक्ष म्हणाले, “म्हणजे तुम्ही आपल्याच मतदारांविरुद्ध तक्रार करता काय?”

वहिनी गोंधळल्या नाहीत. म्हणाल्या, “तक्रार नाही साहेब, घडले ते सांगते. अर्धेच सांगितले तर तुम्ही नवे गटार बांधाल, पैसे घालाल आणि पाणी पुन्हा तिच्याच घरात येईल. मोरी मोठी करा. राहिलेले तळे तरी कोणी बुजवू नये असे काही लिहून द्या. बाकीचे मी आळीत जाऊन बोलते.”

थोडी चर्चा झाली. जमिनीचा भराव हा नगरपरिषदेच्या अखत्यारीतला विषय नव्हे, असे सांगण्यात आले. परंतु अभियंत्यांनी जागा पाहून अहवाल द्यावा आणि मोरीचे रुंदीकरण पुढील अंदाजपत्रकात घ्यावे असे ठरले. सूचक म्हणून वहिनींचे नाव लागले. अनुमोदन दिले ते शंभरपानी वहीवाल्या वृद्ध सदस्यांनी. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नसतील.

परतताना आम्ही चालतच निघालो. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होत होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. चर्चच्या वळणावर वहिनींनी पिशवीतून अर्ज काढून माझ्या हातात दिला. “मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमचे अक्षर फार सुंदर आहे. पण आजी बोलल्या ते यात नाही.” त्यांच्या स्वरात राग नव्हता; असता तर मला सोपे गेले असते. मी म्हणालो, “वहिनी, चुकलो.” त्या म्हणाल्या, “मला नका सांगू.” आणि त्या आपल्या वाटेने गेल्या. त्यांना दुसऱ्या दिवशीचे हार गुंफायचे होते.

त्याच रात्री मी दादाशी बोललो. त्याचे फळ ताबडतोब मिळाले असे सांगितले तर ते खोटे होईल. दादा म्हणाला, “तू त्या वेळी का नाही बोललास? सही तुझीही आहे.” त्याचे म्हणणे खरे होते. आमच्यात अबोला आला आणि तो दोन पावसाळे टिकला. आजींच्या घरी मी गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला, माझे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पाण्याला वाट दे. मला काही नको.” अखेर दादाच्या मुलांनीच मार्ग काढला. घराचे जोते थोडे मागे सरकवून त्यांनी भरावाच्या कडेने सहा फूट रुंदीचा चर ठेवला. तो शेजाऱ्यांच्या राहिलेल्या बावखलात जाऊन मिळत असे. ते निम्मे बावखल आम्ही दोन्ही घरांनी मिळून उपसले, गाळ काढला. पुढे मोरीही रुंद झाली. त्यानंतर आजींच्या घरात पाणी आले ते मोठ्या पावसातच, आणि घोट्याच्या वर गेले नाही. सगळे पूर्वीसारखे झाले नाही. बुजवलेले तळे पुन्हा खणता येत नाही. त्यावर आता घर उभे आहे आणि त्यात माझी पुतवंडे वाढली आहेत.

वहिनींना दुसऱ्यांदा उभे राहता आले नाही. पुढील निवडणुकीच्या सोडतीत प्रभागाचे आरक्षण बदलले आणि खुल्या जागेवर बाईला कोण उभे करतो? काही लोक असेही म्हणाले की भर सभेत आपल्या आळीची अब्रू घालवणारी बाई कशाला हवी. असे म्हणणाऱ्यांचे तोंड मी बंद करू शकलो असतो. एका-दोघांचे केले, सर्वांचे केले असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. त्या पुन्हा रोज दादरला जाऊ लागल्या.

जुलै २००९ मध्ये चारही नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महापालिका झाली. आळीतले प्रश्न ज्या सभागृहात जाणार ते सभागृह पुढे ११५ सदस्यांचे झाले. जुलै २०१८ मध्ये वसईने जे पाहिले ते येथील प्रत्येक कुटुंबाच्या स्मरणात आहे. दिवसच्या दिवस रस्ते पाण्याखाली, रेल्वे बंद, वीज नाही, मिठागरांत अडकलेल्या माणसांसाठी बचावपथके. त्यानंतर पुराची कारणे शोधण्यासाठी नीरी आणि आयआयटी मुंबई येथील तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तज्ज्ञ नेमले जावेत हे योग्यच. मला मात्र त्या दिवसांत, घराच्या दुसऱ्या पायरीवर पाणी चढलेले पाहत असताना, अक्षरओळख नसलेल्या एका बाईचे दोन ओळींचे वाक्य आठवत होते. आजी तोवर देवाघरी गेल्या होत्या.

लोकप्रतिनिधीविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्याने आपला आवाज तेथे पोचवावा, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. परंतु वहिनींनी मला दाखवले की हा रस्ता दुहेरी आहे. आमचे गाऱ्हाणे त्यांनी सभागृहात नेले आणि सभागृहाचा प्रश्न तितक्याच प्रामाणिकपणे आमच्या आळीत परत आणला. ‘आधी का येत नव्हते?’ या अभियंत्यांच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नगरपरिषदेच्या दप्तरात नव्हते. ते आमच्या ओट्यांवर होते. जो नागरिक आपल्या तक्रारीतून आपला वाटा वगळतो, तो आपल्या नगरसेवकाला अर्धे सत्य देऊन सभागृहात उभे करतो. मग त्याला तेथे मिळणारे उत्तरही अर्धेच असते.

या वर्षी निवडणूक झाल्यावर काही दिवसांनी नव्याने निवडून आलेला एक तरुण माझ्याकडे आला. कधीकाळी माझ्याच वर्गात बसलेल्या मुलीचा तो मुलगा. “सर,” तो म्हणाला, “सभेत मांडायला आळीचे प्रश्न लिहून द्या ना. तुमची भाषा चांगली आहे.” मी त्याला म्हणालो, “लिहून देतो. चार दिवस दे.”

या खेपेस मी आधी आळीच्या टोकाच्या घरी गेलो. आजींची सून आता स्वतः आजी झाली आहे. वही उघडून मी तिला म्हटले, “तू सांगशील तेच शब्द लिहीन.” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मास्तर, रागावू नका. तुमच्या दादाच्या नातवाने गाडी ठेवायला चरावर लादी घातली आहे. खाली नळ टाकला आहे म्हणतो, पण तो बारीक आहे. पावसात पाणी तुंबणार.”

मी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. खाली तारीख घातली. चराची रुंदी आणि नळाचा व्यास स्वतः जाऊन मोजला आणि तेही लिहिले. अर्ज अजून पुरा झालेला नाही; गटाराचे, मोरीचे, दिव्यांचे मुद्दे त्यात यायचे आहेत. पण त्या तरुणाच्या हाती तो देण्यापूर्वी मला आज संध्याकाळी दादाच्या घरी जायचे आहे. नातू कामावरून सातला परततो.